मुलगी आर्किटेक्चरला आहे, रेविट-लुमियनसाठी लॅपटॉप कुठला घ्यावा? दुकानदार म्हणतो आय७ आहे म्हणजे सगळं चालेल

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी बी.आर्कच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापूरला हॉस्टेलवर असते. पहिलं वर्ष जवळजवळ सगळं हातानंच होतं, ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, गुंडाळलेल्या शीट्स घेऊन एसटीनं यायची-जायची, त्यामुळे माझा शाळेच्या कामाचा जुना लॅपटॉप तिला पुरला. ८ जीबी रॅमचा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तरी ऑटोकॅडचं साधं प्लॅनचं काम त्यावर झालं. आता स्केचअप (थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर) रोजचं झालंय, रेविट (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) शिकवायला घेतलंय आणि पुढच्या वर्षी लुमियनमध्ये रेंडर (मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र) नि वॉकथ्रू (मॉडेलमधून फिरल्यासारखा व्हिडिओ) करावे लागणार असं सीनियर सांगतात. परवा तिनं स्केचअपच्या मॉडेलमध्ये झाडं टाकली तर माउस फिरवल्यावर चार-पाच सेकंदांनी स्क्रीन हलायची, फाइल दोनदा आपोआप बंद पडली, रात्री साडेबाराला रडत फोन आला. मला त्यातलं काही कळत नाही आणि इथून काही करताही येत नाही, जीव तुटतो नुसता.

बजेट ७५ हजार, फार ओढून ताणून ८५. घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, त्यामुळे एकदाच घेणार आणि पाचवं वर्ष संपेपर्यंत तो टिकायला हवा.

इथल्या दुकानात एक दाखवला, १४ इंची, एकदम पातळ, आय७-१३५५यू, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, ७४ हजार. ग्राफिक्सच्या जागी आयरिस एक्सई लिहिलंय. दुकानदार म्हणाला आय७ आहे, १० कोअर आहेत, याच्यावर काहीही चालतं, शिवाय सगळी सॉफ्टवेअर फुकट टाकून देतो. पुण्याचा भाचा म्हणतो मॅकबुकच घे, डिझाइनवाले सगळे तेच वापरतात. चुलतभाऊ म्हणतो गेमिंगचा घे. मुलगी गेम खेळत नाही, मग गेमिंगचा कशाला हे मला समजत नाही. कुणीतरी नीट सांगाल का?

टी_स्क्वेअर, नाशिक

ताई, ७४ हजारांचा तो लॅपटॉप कृपा करून घेऊ नका. तो वाईट नाहीये, बँकेतल्या माणसाला किंवा तुम्हाला स्वतःला घ्यायचा असता तर मी हो म्हटलं असतं, पण मुलीचं काम त्यावर होणार नाही. मी प्रॅक्टिस करतो, ऑफिसमध्ये दरवर्षी ट्रेनी येतात आणि दर वर्षी एक तरी मूल असाच महागडा पातळ आय७ घेऊन येतं, घरच्यांनी पोटाला चिमटा काढून घेतलेला असतो आणि त्यावर लुमियन धड चालत नाही, मला बघवत नाही ते.

आधी त्या १० कोअरचं बघू, कोअर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग. १३५५यू मध्ये १० कोअर आहेत हे खरं, पण मोठे दणकट कोअर फक्त २, उरलेले ८ छोटे, बॅटरी वाचवण्यासाठी ठेवलेले. नावाच्या शेवटचं यू अक्षर म्हणजे हा १५ वॉटवर चालायला बनवलाय. याच्याच पिढीतला आय७-१३६२०एच घ्या, त्यातही १० कोअरच, पण मोठे ६ आणि छोटे ४, आणि ४५ वॉटचा. दोन्हीवर आय७ आणि १३ लिहिलेलं, दोन्ही १० कोअर, काम करायला बसलात की जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून आय५, आय७ हे नंतर बघा, आधी शेवटचं अक्षर बघा. एच किंवा एचएक्स पाहिजे, एएमडीचा असेल तर एचएस, एच किंवा एचएक्स. यू नको.

आता सॉफ्टवेअर. प्रत्येकाची भूक वेगळी आहे आणि दुकानदार हे कधीच विचारत नाही. रेविटमध्ये भिंती-दारं-खिडक्या काढताना बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा, आणि त्याला रॅम प्रचंड लागते. रेविटच्या कंपनीनं, ऑटोडेस्कनं, स्वतःच कमीत कमी १६ जीबी लिहिलंय, तेही साधारण १०० एमबीच्या एका मॉडेलसाठी. चौथ्या-पाचव्या वर्षाचे प्रोजेक्ट त्याच्या पुढे जातात, वर ब्राउजर उघडा, फोटोशॉप उघडं, म्हणजे ३२ लागणारच. स्केचअपसुद्धा मॉडेलिंगला एका कोअरवरच चालतं पण पडद्यावर मॉडेल फिरवायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं, तुमच्या मुलीची झाडं टाकल्यावर अडकणारी स्क्रीन म्हणजे नेमकं हेच, एकेका झाडाला हजारो पृष्ठभाग असतात आणि ते ओढायला जुन्या लॅपटॉपमध्ये कुणी नाहीये. लुमियन, एनस्केप, डी५ ही रेंडरची सगळी मंडळी जवळजवळ पूर्णपणे ग्राफिक्स कार्डवर चालतात, तिथे आयरिस एक्सई, म्हणजे प्रोसेसरमधलंच छोटं ग्राफिक्स, हे दुचाकीला ट्रॉली जोडल्यासारखं.

गेमिंगचा का, तर एवढ्यासाठीच. गेमला जे कार्ड लागतं तेच लुमियनला लागतं, आणि ते कार्ड या बजेटात फक्त गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये मिळतं. एनव्हिडियाचं आरटीएक्स बघा, त्याची स्वतःची मेमरी बघा. ३०५० बहुतेक ४ जीबीचं येतं, ते सोडा. ४०५० ला ६ जीबी, ४०६० ला ८ जीबी. गंमत अशी की लॅपटॉपच्या ४०७० लाही ८ जीबीच असते, त्यामुळे लुमियनसाठी ४०६० वरून ४०७० वर उडी मारायला जास्तीचे पैसे घालू नका, ते रॅममध्ये घाला.

मॅकबुकचं म्हणाल तर मशीन सुंदर आहे, पडदा तर फारच, पण रेविट मॅकवर येत नाही, लुमियन येत नाही, थ्रीडीएस मॅक्सही येत नाही. स्केचअप, रायनो, ऑटोकॅड चालतं. विंडोज आतमध्ये चालवायचे काही मार्ग आहेत पण ज्युरीच्या (परीक्षकांसमोर काम मांडायच्या) आदल्या रात्री मी माझ्या मुलीला त्याच्या भरवशावर सोडणार नाही. भाचा बहुतेक ग्राफिक डिझाइन किंवा व्हिडिओवाल्यांचं बोलत असेल, तिथं त्याचं बरोबर आहे.

ज्युरी_उद्या, नागपूर

काकू मी पाचव्या वर्षाला आहे, वरचं सगळं पटलं, माझं थोडं सांगते. माझ्याकडे ४०५० आहे ६ जीबीवाला. घराचं, छोट्या शाळेचं रेंडर मस्त होतं, पण चौथ्या वर्षी हाउसिंगचा प्रोजेक्ट होता, पाच इमारती, पूर्ण साइट, सगळीकडे झाडं-गवत-गाड्या, तर लुमियन उघडून कॅमेरा फिरवला की सॉफ्टवेअरच बंद व्हायचं, कारण कार्डाची मेमरी भरली की ते पुढे जातच नाही. रात्री दोन वाजता मी एकेक गवताचा पट्टा काढत बसले होते आणि सकाळी नऊला ज्युरी. शेवटी साइट दोन तुकड्यांत तोडून रेंडर केलं. म्हणून शक्य असेल तर ८ जीबीच घ्या, खरंच.

दुसरं म्हणजे स्क्रीन, हे कुणीच सांगत नाही! स्वस्त गेमिंग लॅपटॉपांवर ४५ टक्के एनटीएससी असा, म्हणजे कमी रंग दाखवणारा पडदा येतो, त्यावर रंग फिके आणि खोटे दिसतात. माझ्या मैत्रिणीनं विटांचा लाल रंग पडद्यावर बघून छान जुळवला, ए१ शीट प्रिंट होऊन आली तर भिंत भडक केशरी, दुसरी प्रिंट काढायला पैसेही गेले नि वेळही गेला. १०० टक्के एसआरजीबी असं लिहिलेलं असेल तोच घ्या, आणि ३०० निट्सच्या (पडद्याच्या उजेडाचं माप) खालचा नको.

तिसरं, तो दुकानदार सगळी सॉफ्टवेअर फुकट टाकून देतो म्हणतो ते क्रॅक म्हणजे चोरीचे असतात, अजिबात टाकू देऊ नका. माझ्या वर्गात एकाच्या लॅपटॉपमध्ये त्यातून व्हायरस आला आणि थिसिसच्या फाइल्स गेल्या, बिचाऱ्याचा सहा महिन्यांचा साइट स्टडी होता त्यात. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना रेविट, ऑटोकॅड, मॅक्स सगळं फुकट देतं, कॉलेजचा पुरावा दिला की एक वर्षाचं मिळतं आणि दर वर्षी वाढवता येतं. लुमियनचंही विद्यार्थ्यांचं लायसन असतं, कॉलेजमध्ये विचारायला सांगा.

वजन मात्र आहे काकू, चार्जर धरून तीन किलोच्या आसपास जातं. आणि बॅटरीवर रेंडर करायचं विसरायचं, चार्जर काढला की वेग निम्म्यावर येतो. तिला एक चांगली एक्स्टेंशन वायर घेऊन द्या, स्टुडिओत सॉकेटवरून भांडणं होतात आमच्याकडे.

स्क्रूड्रायव्हर, इचलकरंजी

मी लॅपटॉप दुरुस्ती करतो, विकत नाही, त्यामुळे माझा कुठल्या कंपनीत इंटरेस्ट नाही. वरच्यांनी आतलं सांगितलं, मी माझ्या टेबलावर काय येतं ते सांगतो.

पहिली गोष्ट, ४०६० लिहिलं म्हणजे सगळे ४०६० सारखे नसतात. तेच कार्ड कंपनी ३५ वॉटवर पण बसवते आणि ११५ वॉटवर पण, पातळ बॉडीत कमी वॉट, जाड बॉडीत जास्त. कमी वॉटचा ४०६० जास्त वॉटच्या ४०५० च्या मागे पडलेला मी बघितलाय. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या माहितीत टीजीपी (कार्डाला मिळणारे वॉट) म्हणून आकडा असतो तो बघा, ९५-१०० च्या पुढे असला तर बिनधास्त. दुकानात चालू करून बघायचं असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, तिथं मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर लिहिलेलं असतं.

दुसरी, रॅम. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डावर सोल्डर केलेली असते, ती कधीच वाढवता येत नाही, गिऱ्हाईक माझ्याकडे १६ ची ३२ करायला येतं आणि मला हात जोडून परत पाठवावं लागतं. स्लॉट दोन पाहिजेत. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, तिथं किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. एकच १६ ची पट्टी असेल आणि दुसरा स्लॉट रिकामा असेल तर नंतर दुसरी १६ ची टाकता येते, ते तुमच्यासाठी बरं, ८-८ च्या दोन असतील तर दोन्ही काढून फेकाव्या लागतात. एका पट्टीवर वेग थोडा कमी मिळतो पण काही महिने काढा. एसएसडीचा पण दुसरा स्लॉट आहे का विचारा, ५१२ जीबी दीड वर्षात भरतो, रेंडरच्या फाइली नि टेक्श्चर फार जागा खातात.

तिसरी आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी, उष्णता. पोरं हॉस्टेलवर गादीवर लॅपटॉप ठेवून रेंडर लावतात आणि झोपतात. खालची जाळी गादीत दबते, हवा बंद, आतलं तापमान ९५-१०० डिग्री, मशीन स्वतःला वाचवायला वेग कमी करतं, दोन तासांचं रेंडर पाच तास चालतं, आणि असं वर्षभर चाललं की कार्डाची चिप सुटते. ती दुरुस्ती निम्म्या लॅपटॉपच्या किमतीची. आमच्या गावात तर मागाचं बारीक सूत हवेत असतं, पंखा उघडला की नमद्यासारखा थर निघतो, कोल्हापुरात तेवढं नाही पण वर्षातून एकदा साफ करून चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलून घ्या. टेबलावर ठेवायचा, मागची बाजू बोटभर उचलून, बस्स. कूलिंग पॅडला दोन हजार घालायची गरज नाही, मागं दोन पुस्तकं ठेवली तरी चालतं.

आणि हॉस्टेलच्या सॉकेटला अर्थिंग आहे का बघायला सांगा. बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाहीये, तीन पिनचं टू-पिन कन्व्हर्टर लावून वापरू देऊ नका.

डाय_मोल्ड, भोसरी

थोडं वेगळं मत मांडतो. मी मोल्ड डिझाइनमध्ये आहे, सॉलिडवर्क्स आणि क्रिओ (यंत्राच्या भागांचं डिझाइन करायची सॉफ्टवेअर), आठ-आठशे पार्टच्या असेंब्ली. ८५ हजारांत लॅपटॉप म्हणजे तडजोडच आहे, तेवढ्याच पैशात डेस्कटॉप घेतला तर १२ जीबीचं कार्ड, ३२ जीबी रॅम, आणि तापायचा प्रश्नच मिटतो. डेस्कटॉपच्या ४०७० ला १२ जीबी असते आणि लॅपटॉपच्या ४०७० ला ८, नाव एकच. पाच वर्षांनी कार्ड बदलता येतं, लॅपटॉपला ते नाही. जुना लॅपटॉप कॉलेजला न्यायला ठेवा, जड काम खोलीवर डेस्कटॉपवर.

आणि आमच्या लाइनचं कुणी वाचत असेल तर, सॉलिडवर्क्सवाल्यांनी वरचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. आम्हाला रेंडर फारसं नसतं, मॉडेल रिबिल्ड व्हायला एका कोअरचा वेग लागतो आणि सर्टिफाइड (सॉफ्टवेअर कंपनीनं तपासलेल्या) ड्रायव्हरवालं वर्कस्टेशन कार्ड असलं की कामात अडथळे कमी येतात. जीफोर्सवर, म्हणजे आरटीएक्स ४०६० सारख्या गेमिंग कार्डावर, सॉलिडवर्क्समधलं रिअलव्ह्यू (खऱ्यासारखं दृश्य) बहुतेक चालू होत नाही. दोन-तीन वर्षं वापरलेली वर्कस्टेशन लॅपटॉप मुंबईला लॅमिंग्टन रोडला मिळतात, वॉरंटीचं नीट बघून घ्यावं लागतं.

टी_स्क्वेअर, नाशिक

डाय_मोल्ड, तुमचा हिशेब चुकीचा नाही, माझ्या ऑफिसात सगळे डेस्कटॉपच आहेत. पण आर्किटेक्चरचा स्टुडिओ तुम्ही बघितला असेल तर तिथं रोज सर टेबलावर येऊन मॉडेल फिरवून बघतात, ही भिंत सरकव म्हणतात, तिथल्या तिथं बदलून दाखवावं लागतं. ८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर ती फाइल उघडणारच नाही. शिवाय मुलगी हॉस्टेलवर, दर सुट्टीत खोली रिकामी करायची, नंतर ट्रेनिंगच्या सेमिस्टरला कदाचित पुण्या-मुंबईला जायचं, डेस्कटॉप कुठं कुठं वाहायचा. घरी राहून शिकणाऱ्या मुलाला मी डेस्कटॉपच सांगितला असता.

कृष्णाकाठ, सांगली

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, दोनदा वाचलं, मुलीलाही पाठवलं. कालच्या रविवारी दोघी दुसऱ्या दुकानात गेलो, वहीत सगळं लिहून नेलं होतं. दोन पर्याय निघाले.

एक, रायझन ७ ७७३५एचएस, आरटीएक्स ४०५० ६ जीबी, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी, ७८ हजार. दुसरा, आय५-१३४५०एचएक्स, आरटीएक्स ४०६० ८ जीबी, १६ जीबीची एकच पट्टी आणि एक स्लॉट रिकामा, ५१२ जीबी, १०० टक्के एसआरजीबी, ८९ हजार. कार्डाचे वॉट दुसऱ्याचे ११५ लिहिलेत. दुकानदार म्हणाला रायझन ७ म्हणजे आय५ पेक्षा वरचा, शिवाय स्वस्त, तोच घ्या. मी तर गोंधळले. ८९ माझ्या आवाक्याच्या वर आहे, नो कॉस्ट ईएमआयवर घेता येईल म्हणतो.

टी_स्क्वेअर, नाशिक

दुसरा. रायझन ७ आणि आय५ ही तुलनाच चुकीची आहे, ७, ५ हे आकडे दोन वेगळ्या कंपन्यांच्या घरातले. ७७३५एचएस मध्ये तिसरा आकडा ३ आहे बघा, तो त्याची आतली रचना सांगतो, म्हणजे आधीच्या पिढीचा झेन ३ प्लस, नाव नवीन. तिथं ४ असता, म्हणजे ७८४०एचएस सारखा, तर मी थांबून विचार केला असता. १३४५०एचएक्स मध्ये मोठे ६ कोअर आहेत, रेविटला पुरेसा वेगवान. आणि कार्ड ८ जीबीचं, पूर्ण वॉटचं. ११ हजार जास्त आहेत हे खरं, पण ते नेमके तिथं जातायत जिथं नंतर काही बदलता येत नाही. रॅम आणि एसएसडी पुढच्या वर्षी वाढवता येईल, कार्ड नाही.

स्क्रूड्रायव्हर, इचलकरंजी

दुसराच. ईएमआय घेताना एवढं बघा ताई, नो कॉस्ट म्हटलं तरी प्रोसेसिंग फी असते आणि बँक व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते, व्याज माफ झालं तरी जीएसटी तुमच्याच कार्डावर येतो. आणि रोखीवर जी सूट मिळते ती ईएमआयवर बऱ्याचदा जाते, दोन्ही भाव वेगवेगळे लिहून मागा. वॉरंटी ऑनसाइट (माणूस जागेवर येऊन दुरुस्त करतो ती) आहे का आणि सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे का, एवढं दोन फोन करून पक्कं करा. माझ्याकडे एक मुलगी आली होती, तिचा लॅपटॉप पुण्याला पाठवला कंपनीनं, २६ दिवस लागले, मधे सबमिशन गेलं. जास्तीची दोन वर्षांची वॉरंटी पहिल्या वर्षातच घ्यायची असते, ती नंतर महाग पडते.

कृष्णाकाठ, सांगली

घेतला. दुसरा. दुकानदारानं दोन हजार कमी केले. सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे, मी स्वतः फोन करून विचारलं. काहीही सॉफ्टवेअर टाकू दिलं नाही, मुलीनं कॉलेजच्या आयडीवरून ऑटोडेस्कचं लायसन मिळवलं.

पण आज तिचा फोन आला, स्केचअप अजूनही अडकतंय! पूर्वीइतकं नाही, पण ते झाडांचं मॉडेल फिरवलं की थांबतंय. माझं तर काळीज धसकलं, एवढे पैसे घालून तेच का?

ज्युरी_उद्या, नागपूर

काकू घाबरू नका, हे माझंही झालं होतं! लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं छोटं आणि एक आरटीएक्स, आणि विंडोज कधी कधी स्केचअपला छोटंच देतं. तिला सांगा, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, खाली ग्राफिक्स, तिथं स्केचअप जोडायचं, ऑप्शन्समध्ये हाय परफॉर्मन्स निवडायचं, स्केचअप बंद करून परत उघडायचं. रेविट आणि लुमियनलाही तेच करून ठेव म्हणावं. चार्जर लावलेला आहे ना तेही बघ म्हणावं. आणि मॉडेलमधली झाडं खूप जड असतील तर काम करताना त्यांचा टॅग (स्केचअपमधला गट) बंद ठेवायचा, रेंडरच्या वेळी चालू करायचा, हे तर कितीही भारी मशीन असलं तरी करावंच लागतं.

कृष्णाकाठ, सांगली

झालं! तिनं व्हिडिओ कॉलवर दाखवलं, झाडांसकट सगळं घर गोल फिरवलं, एकदाही थांबलं नाही. चार्जर लावलेला नव्हता तोही लावला. आता मागे दोन पुस्तकं ठेवलीयेत, तिच्या पहिल्या वर्षाच्या बिल्डिंग कन्स्ट्रक्शनची. रॅमची दुसरी पट्टी दिवाळीच्या बोनसला घेईन, तेव्हा कुठली घ्यायची ते विचारायला परत येते.

स्क्रूड्रायव्हर, इचलकरंजी

आतल्या पट्टीवरचा स्टिकर फोटो काढून ठेवा ताई, डीडीआर५, वेग आणि कंपनी त्यावर असते, शक्यतो तशीच घ्यायची. झाकण उघडायच्या आधी वॉरंटीचं स्टिकर कुठं आहे ते बघा, आणि सर्व्हिस सेंटरकडूनच बसवून घ्या, दोन-तीनशे रुपयांचं काम आहे.